पुहारची साक्ष : एक नगर, तीन काव्ये

१

प्राचीन नगरांचा इतिहास लिहिताना काव्याचा आधार किती घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा उपस्थित झाला आहे. परंतु त्याचे उत्तर बहुधा इतिहासकारांवर सोपवून वाङ्मयसमीक्षक स्वस्थ राहिले आहेत. इतिहासकार काव्यातून हवे ते उचलतो आणि उरलेले अतिशयोक्ती म्हणून बाजूस सारतो. काय उचलावे आणि काय सारावे याची कसोटी मात्र तो काव्याच्या बाहेरून आणतो. उत्खननात वीट सापडली की तेवढ्यापुरता कवी खरा ठरतो, न सापडली तर तो भाट ठरतो. काव्य हे ज्या हेतूने आणि ज्या रचनेत बांधले गेले, त्या हेतूचा व रचनेचा विचार या व्यवहारात होत नाही. तो विचार करणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते न झाल्याने इतिहास व काव्य या दोहोंचेही नुकसान झाले आहे. तमिळ देशातील पुहार या बंदराचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे.

पुहार म्हणजे नदीचे मुख. कावेरी जेथे समुद्राला मिळते तेथे वसलेल्या या नगराला कावेरिप्पट्टिनम् किंवा कावेरिप्पूम्पट्टिनम् असेही म्हणत. आज तेथे पूम्पुहार या नावाचे एक लहान गाव आहे. २०२० मध्ये नागपट्टिनमपासून वेगळ्या झालेल्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात ते मोडते. कावेरीचे बहुतेक पाणी वरच्या अंगालाच कोळ्ळिडम् या फाट्याने निघून जाते, त्यामुळे या मुखाशी पोहोचणारी नदी क्षीण झाली आहे. जमिनीवर पाहण्यासारखे जे आहे ते थोडे आहे. वाङ्मयात मात्र या नगराइतके भाग्य दक्षिणेतील दुसऱ्या कोणत्याही प्राचीन बंदराला लाभलेले नाही. ‘पट्टिनप्पालै’, ‘शिलप्पदिकारम्’ आणि ‘मणिमेखलै’ अशी तीन मोठी काव्ये त्याच्याभोवती उभी आहेत. जमिनीवरील दारिद्र्य आणि वाङ्मयातील ऐश्वर्य यांमधील ही तफावत भरून काढण्याच्या मोहातून एक ठरीव चित्र निर्माण झाले आहे. पट्टिनप्पालैतील मालाच्या राशी, शिलप्पदिकारातील राजमार्ग व यवनांची घरे आणि मणिमेखलैतील जलप्रलय यांना एकत्र करून एक वैभवशाली नगर उभे केले जाते आणि लगेच ते समुद्रात बुडविले जाते.

या चित्रातील प्रत्येक रेषा कोठल्या ना कोठल्या काव्यात आहे, तथापि चित्र म्हणून ते खरे नाही. याचे कारण असे की, ही तीन काव्ये म्हणजे एकाच दृश्याचे तीन साक्षीदार नव्हेत. पहिले काव्य नगर नांदत असतानाचे आहे. दुसरे त्याच्या स्मरणातून लिहिलेले आहे. तिसरे त्याच्या अंताचा अर्थ लावणारे आहे.

२

काव्याकडे वळण्यापूर्वी काव्येतर पुरावा काय सांगतो ते पाहणे इष्ट होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पूर्व किनाऱ्यावरील कमारा, पोदुके आणि सोपत्मा ही बंदरे एका ओळीत येतात. त्यांपैकी कमारा म्हणजे कावेरीमुखाशी असलेले हेच नगर असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या शतकातील टॉलेमी ‘खाबेरिस’ या नावाने एक बाजारपेठ नोंदवितो. पाली जातकांपैकी अकित्ति जातकात तमिळ देशातील कावीरपट्टनाचा उल्लेख येतो, आणि बुद्धदत्त या पाली ग्रंथकाराने याच नगरातील विहारात राहून ग्रंथरचना केली. ग्रीक खलाशी, अलेक्झांड्रियाचा भूगोलज्ञ आणि बौद्ध भिक्षू यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ते तिघेही या नगराचे नाव घेतात, एवढ्यावरून त्याची ख्याती सिद्ध होते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९६२ पासून येथे जे उत्खनन केले, त्यात कीळैयूर येथे विटांनी बांधलेला धक्का आणि नावा बांधण्याचे लाकडी खांब सापडले. वानगिरी येथे पाण्याचा हौद उघडकीस आला, तर पल्लवनेश्वरम् येथे बौद्ध विहाराचे अवशेष मिळाले. पुढे १९८१ पासून किनाऱ्यालगतच्या समुद्रातही शोध सुरू झाला. त्यात तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याबरोबर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांची बांधकामे आढळली आणि किनारा हळूहळू आत सरकत आल्याचे दिसून आले.

हा पुरावा पुरेसा आहे आणि मर्यादितही आहे. येथे धक्का होता, गोड्या पाण्याची सोय होती, विहार होता, म्हणजे बंदर होते. परंतु त्या धक्क्यावर कोणत्या भाषा ऐकू येत, जकात कोण घेई, व्यापारी परस्परांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवीत, हे वीट सांगत नाही. ते सांगावयाचे झाल्यास काव्याकडेच जावे लागते, आणि म्हणूनच काव्य कसे वाचावे हा प्रश्न टाळता येत नाही.

३

‘पट्टिनप्पालै’ हे तीनशे एक ओळींचे काव्य ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घकाव्यांच्या संग्रहात मोडते. कडियलूर उरुत्तिरंकण्णनार हा त्याचा कवी आणि करिकाल चोळ हा त्याचा नायक. या काव्यासाठी राजाने कवीला सोळा लक्ष सुवर्णनाणी दिली अशी परंपरागत कथा आहे. कथा खरी असो वा नसो, काव्य राजस्तुतीचे आहे हे तिच्यातून स्पष्ट होते.

परंतु त्याची बांधणी स्तुतीची नाही, आणि येथेच समीक्षकाचे काम सुरू होते. ‘पालै’ हा तमिळ काव्यशास्त्रातील रखरखीत प्रदेशाचा, पर्यायाने विरहाचा विषय. धन मिळविण्यासाठी घर सोडून निघू पाहणारा पुरुष आपल्या मनाला म्हणतो की, पुहारसारखे नगर हाती येत असले तरी दीर्घकेशी प्रियेला सोडून मी येणार नाही. कारण वाटेवरचे रान करिकालाने शत्रूवर उगारलेल्या भाल्याहून तप्त आहे आणि तिचे खांदे त्याच्या राजदंडाहून शीतल आहेत. नगराचे सारे वर्णन या एका नकाराला टांगलेले आहे. नगर जितके मोठे, तितका नकार मोठा. म्हणजे कवीला पुहारचे ऐश्वर्य वाढवून सांगण्यास दोन कारणे आहेत, एक दरबारी आणि दुसरे शृंगारिक. ज्या वाचकाने ही बांधणी लक्षात घेतली, तो सोन्याच्या राशी मोजण्याच्या नादी लागणार नाही.

मग या काव्यात विश्वसनीय असे काय उरते? पुष्कळच उरते. कवी जेथे डोळे दिपवू पाहतो तेथे ते नाही. जेथे तो वाचकाला ठाऊकच असलेली गोष्ट सहज उल्लेखून पुढे जातो तेथे ते आहे. नगराच्या सुबत्तेचे एक प्रसिद्ध चित्र असे : अंगणात धान्य वाळत घातले आहे, ते टिपावयास कोंबडी येते, स्त्रिया कानातील जड कुंडल काढून तिच्यावर फेकतात, आणि वाटेत पडलेले ते कुंडल मुलांच्या तीन चाकी खेळगाड्याच्या आड येते. कोंबडीवर सोने फेकले जाते ही स्तुती झाली. पण वाळवण, कोंबडी आणि तीन चाकांची खेळगाडी या तीन वस्तू स्तुतीच्या उपयोगाच्या नाहीत. कल्पनेला पाय टेकावयास जमीन हवी म्हणून त्या आल्या आहेत, आणि तीच जमीन इतिहासाला हवी असते.

हीच दृष्टी बंदराच्या भागाला लावून पाहावी. समुद्रमार्गे घोडे येतात, खुष्कीने मिऱ्याच्या गोण्या येतात. उत्तरेकडील पर्वताचे रत्न व सुवर्ण, पश्चिमेकडील डोंगराचे चंदन व अगरू, दक्षिण समुद्राचे मोती, पूर्व समुद्राचे पोवळे, गंगेकाठचा आणि कावेरीकाठचा माल, सिंहलातील धान्य आणि सागरापलीकडील काळगम् येथील वस्तू अशी ही यादी आहे. तिच्यात दिशांचा एक नकाशा आहे आणि चारही दिशा राजाच्या दारी आणण्याची हौस आहे. म्हणून यादीतील सममितीकडे थोडे संशयाने पाहणे योग्य. पण त्याच ठिकाणी जकातीचे अधिकारी येतात. ते सूर्याच्या रथाच्या अश्वांसारखे अथक आहेत असे म्हटले आहे. मोजमाप करून, वाघाची मोहोर उठवून ते माल सोडतात. आद्य चोळांच्या चौकोनी तांब्याच्या नाण्यांवर वाघाचे चिन्ह आढळते, हे लक्षात घेतले म्हणजे या मोहोरेचा उल्लेख कल्पनाविलास राहत नाही. अश्वांची उपमा अलंकाराची, मोहोर कचेरीची.

या प्रसंगातील आणखी एक उपमा अधिक विचारार्ह आहे. ढग समुद्राचे पाणी उचलून डोंगरावर सोडतात आणि ते पुन्हा समुद्रास मिळते, त्याप्रमाणे पाण्यावरचा माल जमिनीवर चढतो आणि जमिनीवरचा पाण्यात उतरतो, असे कवी म्हणतो. संपत्ती साठविली जाते म्हणून नगर श्रीमंत, असे त्याला म्हणावयाचे नाही. संपत्ती वाहते म्हणून ते श्रीमंत आहे. व्यापाऱ्यांविषयीही तो हेच सांगतो. घ्यावयाचे ते अधिक घेत नाहीत, द्यावयाचे ते कमी देत नाहीत, आणि जोखडाच्या मधल्या खुंटीसारखे ते समतोल असतात. या ठिकाणी जकातीला कवी ‘उल्कु’ हा शब्द वापरतो. हा संस्कृत ‘शुल्क’ शब्दाचा तमिळ अवतार होय. ज्या नगरात परक्या मालावर वाघाची मोहोर बसत होती, त्याच नगराच्या काव्यात परका शब्द तमिळ उच्चाराची मोहोर घेऊन रुळला आहे, ही गोष्ट कोणत्याही यादीपेक्षा मोठी साक्ष आहे.

४

‘शिलप्पदिकारम्’कडे येताना काळ बदलतो. त्याच्या रचनाकालाविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. तरीही करिकालाच्या युगानंतर काही शतकांनी, बहुधा पाचव्या शतकाच्या सुमारास, ते रचले गेले असावे असा कल अधिक आहे. परंपरेप्रमाणे त्याचा कवी इळंगो अडिगळ हा चेर राजकुलात जन्मलेला संन्यासी. म्हणजे पुहारचे हे वर्णन दुसऱ्या राज्याच्या परंपरेत वाढलेल्या आणि पुहारच्या भरभराटीच्या काळानंतर लिहिणाऱ्या कवीने केलेले आहे. यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, फक्त त्याची जात बदलते.

या काव्याच्या पुहारकांडात नगराचे दोन भाग दिसतात. समुद्राकडचे मरुवूर्प्पाक्कम् हे यवनांचे, नावाड्यांचे, कारागिरांचे आणि किरकोळ विक्रेत्यांचे. आतले पट्टिनप्पाक्कम् हे राजाचे, सावकारांचे आणि ब्राह्मणांचे. दोहोंच्या मधे दिवसाचा बाजार भरतो. इंद्रोत्सव संपल्यावर रात्री समुद्रकिनाऱ्यावर दिवेच दिवे दिसतात. त्यांत रंग व चंदन विकणाऱ्यांचे दिवे असतात, फुलवाल्यांचे, मिठाईवाल्यांचे आणि मासे विकणाऱ्यांचे असतात, आणि परभाषिक परदेशी लोकांचेही असतात. या वर्णनांना महाकाव्याच्या संकेतातील नगरवर्णन समजून पुष्कळ समीक्षकांनी ती ओलांडली आहेत. पुहारच्या वर्णनाने कथा अडते, ती खरी सुरू होते मदुरेस गेल्यावर, असेही म्हटले गेले आहे.

हे मत तपासून पाहण्यासारखे आहे. पाचव्या सर्गात पुहारमधील एका मोकळ्या जागेचे वर्णन येते. तेथे मालाची गाठोडी उघड्यावर पडलेली असतात. प्रत्येकावर मालकाचे नाव, संख्या व खूण लिहिलेली असते. दार नाही, कडी नाही, पहारा नाही. चोरी केलीच तर चोराला ते ओझे मानेवर वाहावयास लावतात, त्यामुळे चोरीचा विचारही लोकांना कापरे भरवितो. हा तपशील नगराच्या कीर्तीसाठी आला आहे असे वरवर वाटते. पण शिलप्पदिकाराची कथा आठवावी. कोवलन हा पुहारच्या मोठ्या व्यापारी कुळातील. नर्तकी माधवीच्या नादी लागून तो धन गमावतो, पश्चात्ताप पावून पत्नी कण्णगीकडे परत येतो, आणि तिचे एक नूपुर विकून नव्याने व्यापार उभा करण्यासाठी तिच्यासह मदुरेची वाट धरतो. मदुरेच्या बाजारात जो पहिला प्रतिष्ठित सोनार भेटतो त्यालाच तो नूपुर दाखवितो आणि राणीच्या पायी शोभेल अशा या दागिन्याचे मोल तुम्ही सांगू शकाल काय, असे विचारतो. त्या सोनाराने राणीचे नूपुर आधीच चोरलेले आहे. पुढील अनर्थ सर्वांना परिचित आहे.

कोवलनाचे हे वर्तन भोळेपणाचे मानले जाते, परंतु ते भोळेपणाचे नसून पुहारचे आहे. जेथे नाव लिहिलेले गाठोडे उघड्यावर सुरक्षित राहते, तेथे वाढलेला व्यापारी अनोळखी माणसाला माल दाखविताना कचरत नाही. मात्र यावेळी त्याच्या हाती असलेल्या मालावर नाव नाही, संख्या नाही, मोहोर नाही. नूपुराची ओळख त्याच्या पोटात आहे. कण्णगीच्या नूपुरात माणके आहेत, राणीच्या नूपुरात मोती. बाहेरून दोन्ही सारखीच. खरे कोणाचे हे ठरविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ते फोडणे. आणि कण्णगी राजसभेत ते फोडते तेव्हा कोवलन जिवंत नसतो. खुणेवर चालणारे एक नगर आणि खूण नसलेली एक वस्तू यांच्या भेटीतून ही शोकांतिका घडते. पाचव्या सर्गातील त्या मोकळ्या जागेचे वर्णन काढून टाकले, तर सोळाव्या सर्गातील बाजार समजत नाही. ज्याला नगरवर्णन म्हणून ओलांडले गेले ते कथेचेच पहिले पाऊल आहे.

संस्कृत वाङ्मयाशी परिचित वाचकाला येथे ‘मृच्छकटिक’ आठवल्यावाचून राहणार नाही. शूद्रकाचा चारुदत्त जन्माने ब्राह्मण असला तरी सार्थवाहांच्या कुळातला आहे आणि उज्जयिनीच्या श्रेष्ठिचत्वरात राहतो. त्याचेही धन गेले आहे, त्याच्याही जीवनात गणिका व सुशील पत्नी आहे, आणि त्याच्यावरही दागिन्यांच्या पुराव्यावरून देहदंडाची पाळी येते. दोन भाषांत, दोन प्रांतांत, व्यापारी नगराच्या कथेने हाच आकार घ्यावा ही गोष्ट योगायोगाची नाही. व्यापारी समाजात माणसाची पत वस्तूवरून ठरते. म्हणून वस्तूच खोटी साक्ष देऊ लागली तर माणूस निराधार होतो, ही भीती दोन्ही कृतींच्या मुळाशी आहे. फरक न्यायाचा आहे. उज्जयिनीत न्यायसभा भरते, पुरावा ऐकला जातो, तरी निर्णय चुकतो. पुढे वसंतसेना जिवंत परतते आणि राज्यक्रांती होते म्हणून चारुदत्त वाचतो. मदुरेत न्यायसभा भरतच नाही. ती भरवावी लागते मृताच्या पत्नीला. शूद्रकाचे नाटक चुकलेल्या न्यायाचे आहे आणि इळंगोचे काव्य न मागितलेल्या साक्षीचे.

तेव्हा शिलप्पदिकारातील पुहार ऐतिहासिक आहे काय? गाठोड्यांवर खुणा लिहिण्याची पद्धत निःसंशय प्रत्यक्ष व्यवहारातून आलेली आहे. त्या गाठोड्यांना कधीही कोणी हात लावीत नसे, हे मात्र स्मरणाने दिलेले आहे. मदुरेच्या अन्यायासमोर उभे करण्यासाठी कवीला एक निर्दोष नगर हवे होते, आणि तोपर्यंत पुहार इतके मागे पडले होते की ते निर्दोष करता आले.

५

‘मणिमेखलै’चा कवी शीत्तलै शात्तनार हा परंपरेप्रमाणे धान्याचा व्यापारी होता. काव्याचा विषय बौद्ध धर्माचा. नायिका मणिमेखला ही कोवलन व माधवी यांची कन्या. धान्यव्यापाऱ्याच्या काव्यात भूक हा मध्यवर्ती विषय असावा हे स्वाभाविक आहे. नायिकेच्या हाती कधीही न रिकामे होणारे भिक्षापात्र येते, आणि तिच्या विनंतीवरून राजा तुरुंगाचे अन्नछत्र करतो.

या काव्याचा कल इतिहासकाराला गैरसोयीचा आहे. त्यात देवता आकाशातून जातात, पूर्वजन्म उलगडतात, आणि शेवटी दर्शनांचा दीर्घ ऊहापोह येतो. परंतु विश्वसनीयतेची वर सांगितलेली कसोटी येथेही उपयोगी पडते. तुरुंगाच्या प्रसंगाआधी राजाच्या उपवनातील मंडपाचे वर्णन करताना कवी कारागिरांची नावे देतो. त्यांत मगधाचे शिल्पी, ‘मराट्टक्कम्मर’ म्हणजे मराठी मुलखातील धातुकाम करणारे, अवंतीचे लोहार, यवन सुतार आणि त्यांच्याबरोबर काम करणारे तमिळ कारागीर येतात. महाराष्ट्रातील वाचकाला या उल्लेखाचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण त्याचे महत्त्व अभिमानात नाही. हा मंडप प्रत्यक्षात कोणी बांधला हे या ओळींतून कळत नाही. कोणत्या देशाची माणसे कोणत्या कामासाठी नावाजलेली होती, ही श्रोत्यांची सर्वमान्य समजूत मात्र कळते. कवीला येथे काही सिद्ध करावयाचे नाही, म्हणूनच ती समजूत ग्राह्य आहे.

शादुवन या व्यापाऱ्याची उपकथा त्याहून मोलाची आहे. कोवलनाप्रमाणेच तोही गणिकेपायी धन गमावतो आणि ते पुन्हा मिळविण्यासाठी समुद्रावर जातो. नाव फुटते, डोलकाठीला धरून तो नागांच्या बेटावर पोहोचतो. नरभक्षक नाग त्याला खाण्यासाठी जागे करतात. तो त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो. ते चकित होऊन त्याला नायकाकडे नेतात, तेथे त्याचा धर्मसंवाद होतो, आणि अखेर तो फुटलेल्या नावांमधील माल घेऊन सुखरूप घरी येतो. इकडे त्याची पत्नी आदिरै, तो मेला असे समजून चितेवर चढते. पण अग्नी तिला जाळीत नाही. शिलप्पदिकाराच्या कथेशी हे प्रकरण ताडून पाहिले म्हणजे शात्तनाराने कोवलनाची कथा मुद्दाम उलटी लिहिली आहे असे दिसते. कोवलन आपल्याच भाषेच्या नगरात, कोणी त्याची बाजू न विचारल्यामुळे मरतो. शादुवन परक्या बेटावर, दुसऱ्याची भाषा ठाऊक असल्यामुळे वाचतो. व्यापाराला खुणेइतकीच भाषा लागते हे एका व्यापारी कवीने सांगावे यात नवल नाही.

६

आता त्या प्रसिद्ध प्रलयाविषयी. काव्याचा आरंभच इंद्रोत्सवाच्या दवंडीने होतो. अठ्ठावीस दिवसांचा हा उत्सव खंडित झाला तर नगरावर अरिष्ट येईल, हे तेथेच सांगितले आहे. पुढे चोळ राजाला नागकन्या पीलिवळैपासून झालेला पुत्र, कंबळच्चेट्टी या व्यापाऱ्याच्या नावेतून येत असता, नाव फुटून नाहीसा होतो. राजा शोकाने वेडा होऊन पुत्राला शोधीत फिरतो, उत्सव विसरतो, आणि समुद्र नगराला गिळतो.

हा प्रलय काव्यात कोठेही प्रत्यक्ष घडताना दाखविलेला नाही, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो इतरांच्या तोंडून कळतो. नायिका तेव्हा दूर असते. ज्या परंपरेतील कवी बाजाराचे वर्णन करताना दिवा अन् दिवा मोजतात, तेथे नगर बुडण्याचा प्रसंग थोडक्या निवेदनात यावा ही गोष्ट बरेच काही सांगते. कवीला लाटा दाखवावयाच्या नाहीत, कारण दाखवावयाचे आहे. समुद्राने दिलेले धन समुद्राच्या उत्सवातून सर्वांच्या वाट्याला येत होते. राजाच्या खाजगी दुःखाने हा सार्वजनिक करार मोडला आणि समुद्राने आपले परत घेतले, असा त्याचा अर्थ आहे. पट्टिनप्पालैतील ढग आणि समुद्र यांच्या उपमेचा हा शोकात्म शेवट म्हणता येईल.

हा अर्थ शब्दशः घेऊन समुद्राच्या तळाशी राजमार्ग शोधणे म्हणजे कवीवर अन्याय करणे होय. सातव्या शतकात शैव संत संबंदर याने कावेरिप्पूम्पट्टिनमच्या पल्लवनेश्वरावर पदे रचली, त्या अर्थी नगराचे नाव व वस्ती दोन्ही शिल्लक होती. एका रात्रीत बुडालेल्या नगरावर तीर्थक्षेत्र म्हणून पदे होत नाहीत. रोमन जगाशी चालणारा व्यापार मंदावला, नदीचे पाणी दुसऱ्या फाट्याने वळले, किनारा खचत गेला, आणि अकराव्या शतकात चोळ साम्राज्याचे मोठे बंदर म्हणून नागपट्टिनम् पुढे आले. असा अंत हळूहळू होतो आणि त्याला तिथी नसते. शात्तनाराने या संथ ऱ्हासाला एक दिवस आणि एक अपराध दिला. समुद्र त्या किनाऱ्यावर कधीच निरुपद्रवी नव्हता; २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्याच पट्टीवर केलेला संहार ताजा आहे. परंतु लाट येऊ शकते हे सिद्ध झाले म्हणून मणिमेखलैतील लाट आली होती हे सिद्ध होत नाही, आणि ती आली नव्हती म्हणून काव्य खोटे ठरत नाही.

७

या विवेचनाचा भाषांतराशी निकटचा संबंध आहे. पत्तुप्पाट्टुचा संग्रह १८८९ मध्ये, शिलप्पदिकारम् १८९२ मध्ये आणि मणिमेखलै १८९८ मध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी छापून प्रसिद्ध केले नसते, तर ही चर्चाच संभवली नसती. त्यानंतर ही काव्ये इतर भारतीय भाषांत आणताना भाषांतरकारांपुढे एक मोह सतत उभा राहिला आहे, तो संस्कृत नगरवर्णनाच्या तयार शब्दांचा. माडीला ‘प्रासाद’, बाजाराला ‘विपणि’, गोणीला ‘भांड’ म्हटले की पुहार पाहता पाहता कालिदासाची अलका होते. तेथे मग घाम, मासळी आणि मिरी यांचा वास येत नाही. मराठीजवळ वखार, गोणी, मोहोर, जकात, धक्का असे व्यवहारात झिजलेले शब्द आहेत. त्यांतील काही फारसी-अरबीतून आले म्हणून प्राचीन नगराला ते न शोभणारे मानावयाचे कारण नाही. ज्या कवीने ‘शुल्क’चा ‘उल्कु’ होऊ दिला, त्याला ‘जकात’ परकी वाटली नसती. तसेच मालाची यादी कंटाळवाणी म्हणून संक्षिप्त करणे, किंवा पाचव्या सर्गातील गाठोड्यांचा तपशील गाळणे, हे कथेचा कणा काढून घेण्यासारखे आहे.

पुहारचे भाग्य सर्वांना मिळत नाही, हेही या निमित्ताने लक्षात ठेवले पाहिजे. तोच ‘पेरिप्लस’ सांगतो की पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराकडे जात असे. पैठणहून अकीक, तेरहून कापड. सातवाहनांच्या या मुलखाने ‘गाथासप्तशती’सारखे काव्य दिले, पण त्या गाथांचे मन शेतात, नदीकाठी आणि खेड्यातील घरात रमले. पैठणच्या बाजाराला पट्टिनप्पालै लाभले नाही. तेथील व्यापाराचा इतिहास वीट, नाणे आणि मणी यांवरूनच जुळवावा लागतो. काव्य असणे आणि नसणे यांतील हे अंतर पाहिले म्हणजे, जेथे ते आहे तेथे ते निष्काळजीपणे वाचण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे पटते.

पूम्पुहारच्या किनाऱ्यावर तमिळनाडू शासनाने १९७३ मध्ये शिलप्पदिकारातील प्रसंगांच्या शिल्पांचे एक कलादालन उभारले. काव्यातून नगर पुन्हा दगडात आणण्याचा तो प्रयत्न समजण्यासारखा आहे, आणि कण्णगीची कथा पाहण्यास येणाऱ्या लोकांचे प्रेमही खरे आहे. परंतु पुहार ज्यामुळे नगर होते ते या दालनात मावणारे नाही. ते नाव लिहून उघड्यावर ठेवलेल्या गाठोड्यात आहे, मोजून घेतलेल्या आणि मोजून दिलेल्या मापात आहे, आणि रात्री किनाऱ्यावर शेजारी शेजारी लागलेल्या मासेवाल्याच्या व परदेशी माणसाच्या दिव्यात आहे. तीनही कवींनी, तीन वेगळ्या काळांत आणि तीन वेगळ्या हेतूंनी लिहिताना, एवढे मात्र एकमुखाने सांगितले आहे.